मालाची खरी किंमत

आपल्या घरांतील वस्तूंची किंमत आपणांस ठाऊक आहे, असा प्रत्येक गृहस्थाचा समज असतो. माळ्यावरचा तांब्याचा हंडा, भिंतीवरचें बंद पडलेलें घड्याळ, कपाटांतील शालजोडी, यांपैकीं कशाविषयींही विचारा. तो क्षणभर डोळे मिटतो आणि आंकडा सांगतो. परंतु याच वस्तूचा आंकडा त्यानें काल शेजाऱ्यास कोणता सांगितला, परवां बहिणीस कोणता सांगितला, आणि उद्यां एखादा सरकारी अधिकारी दारांत उभा राहिला तर तो कोणता सांगेल, याचें टिपण जर कोणी ठेवलें, तर तें वाचून त्या गृहस्थास स्वतःची ओळख पटणें कठीण जाईल. आम्हांसही ती पटली नसती. ती पटविण्याचें काम टपालाच्या एका साध्या अर्जानें केलें. त्या अर्जांत नांव, पत्ता, पावतीचा क्रमांक, पार्सल टाकल्याची तारीख असे निरुपद्रवी प्रश्न होते, आणि त्यांच्याखालीं एक लहानसा रकाना होता : ‘मालाची खरी किंमत’. इतर सर्व रकाने आम्हीं पांच मिनिटांत भरले. या एका रकान्यानें आमचे आठ दिवस घेतले.

हकीकत अशी. आमचे आजोबा मुरबाडच्या पेठेंत भुसाराचें दुकान चालवीत. घाटावरून उतरणारी बाजरी आणि तालुक्यांत पिकणारा भात यांची तेथें उलाढाल होई; आणि पौषांत म्हशाची जत्रा भरली म्हणजे दुकानाच्या ओट्यावर पाय ठेवावयास जागा नसे, असें आमचे वडील सांगत. तें दुकान जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. वडील शिक्षकाच्या नोकरीच्या निमित्तानें शहापुरास आले, आमची थोरली बहीण लग्न होऊन पुन्हां मुरबाडासच गेली, आणि दुकानाची आठवण म्हणून आमच्या माळ्यावर राहिला तो पितळी मापांचा एक संच. पायलींत अधोली, अधोलींत शेर, शेरांत मापटें, अशीं तीं मापें एकाच्या पोटांत एक अशी बसत. दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली, हा हिशेब आम्हीं पाढ्यांच्याही आधीं शिकलों होतों. १९५६ सालीं दशमान पद्धतीचा कायदा झाला, पुढें किलो आणि लिटर आले, आणि हीं मापें दुकानाच्या फळीवरून माळ्यावर चढलीं तीं चढलींच. संचांतील सर्वांत लहान माप जें चिपटें, तें मात्र कित्येक वर्षांत कोणाच्या दृष्टीस पडलें नव्हतें. तें कोठेंतरी हरवलें असें आम्ही धरून चाललों होतों.

या मापांविषयीं आमच्या घरांत एक अभिमानाची गोष्ट सांगितली जात असे. जुन्या काळीं कांहीं दुकानदार मापांचे दोन संच बाळगीत. शेतकऱ्याकडून धान्य घ्यावयाचें तें एका मापानें आणि गिऱ्हाइकास द्यावयाचें तें दुसऱ्या मापानें. दोन्ही पायल्या बाहेरून सारख्या दिसत, आंतून सारख्या नसत. आमच्या आजोबांनीं जन्मभर एकच पायली वापरली. डोंगरांतून येणारा ठाकूर असो वा पेठेंतला सावकार असो, घेतांना आणि देतांना माप तेंच. ही गोष्ट आम्हीं आमच्या मुलांस सांगितली, नातवंडांस सांगितली, आणि सांगतांना दर वेळीं आमची मान किंचित् ताठ झाली.

२०२३ सालीं उन्हाळ्यांत घराची डागडुजी निघाली, माळा रिकामा करावा लागला, आणि मापें खालीं आलीं. आमच्या नातीनें चिंच लावून तीं घांसलीं, त्यांचें छायाचित्र काढलें, आणि मोबाईलवर जो एक जुन्या वस्तूंचा बाजार भरतो त्यांत तें ठेवून दिलें. आम्हीं हंसून सोडून दिलें. परंतु तिसऱ्याच दिवशीं एका गृहस्थांचा फोन आला. ते बेळगांवचे, आणि बेळगांवांतही शहापूरचे. आमच्या शहापुरास मागणी यावी ती बेळगांवच्या शहापुराहून, या योगायोगाची आम्हां दोघांसही गंमत वाटली. सांगली संस्थानाच्या अमलाखालीं असलेल्या त्या शहापुरांत त्यांच्या आजोबांचेंही धान्याचें दुकान होतें. मापें मात्र राहिलीं नव्हतीं. “चिपटं नाही का?” एवढेंच त्यांनीं विचारलें. “हरवलें असावें,” असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं पांच हजार देऊं केले. आम्हीं आजोबांची, एका मापाची, ती सर्व गोष्ट त्यांस ऐकविली, आणि साडेसहा हजारांवर सौदा ठरला. आमच्या आजोबांच्या प्रामाणिकपणाची किंमत आम्हीं त्या दिवशीं दीड हजार रुपये वसूल केली, हें आतां लक्षांत येतें.

सौदा ठरल्यावर आम्हांस अक्काची आठवण झाली. आजोबांच्या वस्तु जितक्या आमच्या तितक्याच तिच्या. तिला विचारणें प्राप्तच होतें. आम्हीं मुरबाडास फोन केला. परंतु फोनवर आम्ही जें बोललों तें असें : “माळ्यावर आजोबांचं जुनं पितळ पडलं आहे. मोडीत हजार-बाराशे येतील. देऊन टाकू का?” ती म्हणाली, “दे की. मला काय करायचंय त्याचं?” आणि आम्हीं फोन खालीं ठेवला. यांत आम्ही खोटें कोठें बोललों? मापें पितळेचीं होतीं, जुनीं होतीं, माळ्यावर पडलीं होतीं, आणि मोडींत घातलीं असतीं तर त्यांचे हजार-बाराशें आले असते. प्रत्येक शब्द खरा होता. सर्व शब्द खरे असूनही वाक्य खोटें कसें होतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें भावाबहिणींचें इस्टेटीविषयींचें संभाषण ऐकावें.

बेळगांवकरांनीं पैसे आगाऊ पाठविले. आम्हीं मापें जुन्या धोतरांत गुंडाळलीं, खोक्यांत बसविलीं, वरून मांजरपाट शिवून घेतलें, आणि साडेसहा किलोंचें तें गांठोडें घेऊन टपालकचेरींत गेलों. काउंटरवरील मुलगी शांत स्वभावाची होती. तिनें विचारलें, “विमा किती रुपयांचा करायचा?” त्या वेळीं विम्याचा दर पहिल्या दोनशें रुपयांस १० रुपये आणि पुढच्या प्रत्येक शंभरास ६ रुपये असा होता, त्यावर कर निराळा. आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला. साडेसहा हजारांचा विमा म्हणजे ३८८ रुपये. दोन हजारांचा म्हणजे ११८. मधले २७० रुपये कशासाठीं द्यावयाचे? पितळेचीं मापें चोरून कोण नेणार, आणि पितळ फुटतें थोडेंच? “दोन हजार,” आम्हीं म्हटलें. तिनें विमा उतरविलेली रक्कम अंकीं आणि अक्षरीं पार्सलावर लिहावयास सांगितली. खाडाखोड चालत नाहीं हेंही बजावलें. आम्हीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें : ‘रुपये दोन हजार फक्त’.

लाखेच्या शिक्क्यांचें प्रकरण त्याहून मनोरंजक झालें. आम्हीं लाख वितळवून शिवणीवर थेंब टाकले आणि खिशांतलें रुपयाचें नाणें काढलें. चालू नाण्याचा ठसा चालत नाहीं, असें कळलें. विम्याच्या टपालावरील शिक्का प्रेषकाची स्वतःची खूण असला पाहिजे. नाणें सर्वांच्याच खिशांत असतें, म्हणून तें कोणाचीच खूण नव्हे. तसेंच नुसत्या उभ्याआडव्या रेघाही चालत नाहींत, कारण त्या कोणासही काढतां येतात. आम्हीं घरीं परत येऊन देवघरांतील पितळी मुद्रा नेली. आजोबा तिनें गोपीचंदन लावीत. अशा रीतीनें ज्या पार्सलावर दोन हजारांचा आंकडा होता, त्यावर आजोबांची मुद्रा उमटली. आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें आमच्या मनांतही आलें नाहीं.

वाटेंतील जोखमीचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. आपल्या व्यापाऱ्यांत जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार असे. तींत माल सुखरूप पोंचला तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे, माल बुडाला तर हुंडीही बुडाली, असा करार असे. सरकारी टपालानें हिंदुस्थानांत हीं कामें आपल्या अंगावर घेतलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८७७ सालीं व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपल्या बोलण्यांतलें व्ही. पी., सुरू झालें. १८८० सालीं मनीऑर्डर आली. १८८२ सालीं बचत बँक आली. टपालाचा विमाही त्याच काळांतला. पुढें १८९८ सालीं जो टपाल कायदा झाला तो आमच्या पार्सलाच्या वेळींही चालू होता. त्याच्या जागीं २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून अमलांत आला आहे. त्या जुन्या कायद्यांतील एक कलम आम्हीं पुढें सवड सांपडल्यावर वाचलें. टपालांतील वस्तु हरवली, भलत्याच्या हातीं पडली, उशीरां पोंचली किंवा मोडली, तरी सरकार त्याबद्दल जबाबदार नाहीं. जेथें जबाबदारी स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढीच खरी. आणि विमा म्हणजे हेच स्पष्ट शब्द. भरपाई विम्याच्या रकमेहून अधिक नाहीं, आणि वस्तूच्या खऱ्या किमतीहूनही अधिक नाहीं. प्रथमदर्शनीं हा कायदा कठोर वाटतो. परंतु विचार केला तर तो इतकेंच म्हणतो : “तुमची वस्तु मोलाची आहे हें आम्हांस कसें कळावें? तें तुम्ही सांगा. जें सांगाल तें आम्ही धरून चालूं.” कोणत्याही बहिणीनें भावाशीं याहून अधिक विश्वासानें वागूं नये.

पार्सल गेलें तें जूनच्या अखेरीस. पावतीवरील क्रमांक मोबाईलमध्यें घातला कीं पार्सल कोठें आहे तें दिसतें, हें नातीनें आम्हांस शिकविलें. आणि पुढचे चार दिवस आम्ही वर्तमानपत्र वाचण्याआधीं तेंच वाचूं लागलों. पार्सल निघालें, पोंचलें, पिशवींत पडलें, पुन्हां निघालें. मग एका छाननीच्या ठिकाणाचें नांव आलें, आणि तेथेंच तें थांबलें. दुसऱ्या दिवशीं तेंच नांव, आठव्या दिवशीं तेंच. शहापूर नांवाचीं गांवें देशांत अनेक आहेत, तेव्हां तें वाट चुकलें असावें असा तर्क आम्हीं लढविला. परंतु नांवांचा हाच घोटाळा मिटावा म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. आणि ती योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवि होते, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. आमच्या शहापूरचा क्रमांक चारनें सुरू होतो, बेळगांवचा पांचनें. आणि आम्हीं तो बिनचूक लिहिला होता, हें नातीनें काढलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होतें. चूक कोणाची, तें अखेरपर्यंत कळलें नाहीं, आणि ज्याच्याविषयीं कळलें नाहीं त्याच्यावर दोष ठेवण्याचा आमचा विचारही नाहीं.

त्या वर्षीं श्रावण अधिक होता. अधिक मासांत केलेल्या दानाचें फळ अधिक मिळतें, असें म्हणतात. वाट पाहण्याचें मिळतें कीं काय, तें आम्हांस माहीत नाहीं. तो सारा महिना आम्हीं वाट पाहण्यांत घालविला. तक्रार नोंदविली, तिची पोंच आली, शोध चालू असल्याचें उत्तर आलें. बेळगांवकर गृहस्थ आठवड्यांतून एकदां फोन करीत, आणि दर वेळीं आमच्यापेक्षां तेच अधिक सौजन्यानें बोलत. “आपण विमा उतरवला आहे ना? मग माझ्या पैशांची घाई नाही. भरपाई आली की पाठवा.” त्यांना वाटत होतें कीं विमा साडेसहा हजारांचा आहे. आम्हीं तसें कधीं सांगितलें नव्हतें; परंतु तसें नाहीं हेंही सांगितलें नाहीं. त्यांचे साडेसहा हजार आमच्या खात्यांत पडून होते, आणि “भरपाई आली कीं” या शब्दांच्या आडोशाला आम्ही निवांत बसलों होतों. शेजाऱ्यांपाशीं मात्र आमच्या दुःखास भरतें आलें होतें. आजोबांची आठवण गेली, पैशांत तिची किंमत होणार नाहीं, असें आम्हीं ओट्यावर बसून इतक्यांदा म्हटलें कीं एका शेजाऱ्यानें न राहवून विचारलें, “मग विकायला का काढलीत?” त्या दिवशीं आम्हीं ओट्यावरची बैठक लवकर आटोपली.

अशा वेळीं तो भरपाईचा अर्ज हातीं आला. ‘मालाची खरी किंमत’. लेखणी घेतली आणि ती तेथेंच थबकली. साडेसहा हजार लिहावे, तर दोन हजारांचाच विमा कां, असें कोणी विचारील. दोन हजार लिहावे, तर किमतीचा पुरावा म्हणून जी बेळगांवकरांच्या पैशांची पावती जोडावयाची, तींत साडेसहा हजार. या व्यवहारांत मुरलेल्या एका स्नेह्यानें सल्ला दिला, “दोन हजार लिहा आणि पावती जोडूंच नका, कशाला प्रश्न वाढवतां?” सल्ला व्यवहाराचा होता. परंतु त्या रकान्याकडे पाहतां पाहतां आम्हीं आजवर सांगितलेल्या किमती एकामागून एक समोर येऊन उभ्या राहिल्या. अक्कास बाराशें, टपालास दोन हजार, गिऱ्हाइकास साडेसहा हजार, आणि शेजाऱ्यांस अमोल. वस्तु एक, आणि मापें चार. दोन मापें बाळगणाऱ्या दुकानदारांची निंदा करीत आम्ही लहानाचे मोठे झालों. आणि त्यांनीं निदान दोहोंवर भागविलें होतें.

राखीपौर्णिमा त्या वर्षीं ३० ऑगस्टला होती. आम्ही अर्ज तसाच कोरा ठेवून सकाळच्या एस. टी.नें मुरबाडास निघालों. मागें माहुलीचा डोंगर ढगांत बुडालेला होता. सापगांवच्या पुलावरून भातसा ओलांडली. किन्हवली गेली, सरळगांव आलें. दोहों बाजूंस भातशेतें पोटऱ्यांपर्यंत वाढलीं होतीं. मुरबाडास आगगाडी पोंचलेली नाहीं, त्यामुळें शहापुराहून तेथें जावयाचें तर हा खळखळणारा रस्ताच. आणि या रस्त्यानें मनुष्यास विचार करावयास हवा त्याहून अधिक वेळ मिळतो.

अक्कानें राखी बांधली, ओंवाळलें, नारळीभात वाढला. जेवण होईपर्यंत आम्हीं कांहीं बोललों नाहीं. मग पान लावतां लावतां सर्व सांगितलें. साडेसहा हजारही सांगितले. आमची अक्का पंचाहत्तरीच्या घरांतली आहे. तिनें मध्यें एकदांही तोंड उघडलें नाहीं. सगळें ऐकून झाल्यावर तिनें बोटें मोडीत हिशेब केला. “म्हणजे मला बाराशे, पोस्टाला दोन हजार, त्या बेळगावच्याला साडेसहा हजार. फोन केलास त्या दिवशी सौदा ठरला होता?” आम्हीं म्हटलें, “ठरला होता.” “मग विचारलंस कशाला? सांगायचं होतंस.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिला रागावण्याचा पूर्ण हक्क होता, आणि ती रागावलीही. परंतु तिचा राग पांच हजार तीनशें रुपयांच्या फरकाचा नव्हता. “मी काय पैसे मागितले असते? मी शेर मागितला असता. शेर ठेवला असता मी,” एवढेंच ती म्हणाली आणि उठून आंत गेली.

ती परत आली तेव्हां तिच्या हातांत चिपटें होतें. आम्ही पाहतच राहिलों. कांठ झिजलेला, एका बाजूस पोंचा आलेला, रोज हातांत राहून आंतबाहेर लख्ख झालेलें आमचें चिपटें! “आईनं दिलं होतं, मला वेगळं घर मांडायचं झालं तेव्हा,” ती म्हणाली. “तुला सांगायचं राहिलं.” मग थोडें थांबून तिनेंच दुरुस्ती केली, “राहिलं नाही. सांगितलं नाही. तू संच म्हणून परत मागशील, अशी भीती होती.” चाळीस वर्षांहून अधिक काळ तिच्या घरचा तांदूळ त्या चिपट्यानें घेतला जात होता. आतां घरांत दोनच माणसें. एका वेळेस एक चिपटें पुरतें. आम्हीं तें हातांत घेतलें. तळाशीं तांदळाचे चार दाणे चिकटून राहिले होते.

“अर्ज भरलास का?” तिनें विचारलें. “एक रकाना राहिला आहे.” “मग भर. खरं ते लिही, आणि मिळतील ते घे.”

शहापुरास परतल्यावर आम्हीं तीन कामें त्याच क्रमानें केलीं. बेळगांवकरांस फोन करून विमा दोन हजारांचाच होता हें सांगितलें, आणि भरपाईची वाट न पाहतां त्यांचे साडेसहा हजार परत पाठविले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं.” अक्कानें जें म्हटलें तेंच हें, निराळ्या शहापूरच्या बोलींत. नंतर अर्जांत साडेसहा हजार लिहिले, पावती जोडली, आणि अर्ज कचेरींत दिला. काउंटरवरच्या त्याच मुलीनें तो वाचून वर पाहिलें. “विमा दोन हजारांचा आहे. दोनच हजार मिळतील.” “ठाऊक आहे,” आम्हीं म्हटलें. “चूक आमची आहे.” तिनें शिक्का मारला. आम्हांस वाटलें होतें त्यापेक्षां हें फारच लवकर आटोपलें. मनुष्य ज्या प्रश्नाच्या भीतीनें आठ दिवस झोंपत नाहीं, तो प्रश्न विचारण्याइतकी सवड जगांत सहसा कोणास नसते.

भरपाई दिवाळीनंतर आली. पुढें माल सांपडल्यास रक्कम परत करूं, असें आमच्याकडून लिहून घेण्यांत आलें, आणि आम्हीं तें मनापासून लिहून दिलें. त्या दोन हजारांतले एक हजार आम्हीं अक्कास पाठविले. ती नको म्हणेल, दोन अश्रू ढाळील, अशी आमची कल्पना होती. ललितवाङ्मय वाचून अशा कल्पना होतात. तिनें पैसे घेतले आणि निरोप पाठविला, “पोचले. मोडीत दिली असतीस तरी निम्मे माझेच होते.”

आमचा ११८ रुपयांचा विमा आम्हांस तोट्यांत गेला कीं फायद्यांत, याचा हिशेब घरांत अधूनमधून निघतो. सौभाग्यवतींच्या मतें उरलेले २७० रुपये आम्हीं त्या दिवशीं दिले असते, तर पुढचें कांहींच घडलें नसतें. गिऱ्हाइकास त्याचे पैसे मिळाले असते, आम्हांस भरपाई मिळाली असती, आणि आमची अब्रू शाबूत राहिली असती. हें सर्व खरें आहे. परंतु मग अक्कास मोडीच्या भावांत फसविल्याचें कोणासच कळलें नसतें, आम्हांसही नाहीं. पूर्ण रकमेचा विमा उतरविला म्हणजे मनुष्य किती निर्धास्त होतो, आणि निर्धास्त झाल्यावर तो स्वतःविषयीं किती थोडी चौकशी करतो, हें आमच्या ध्यानांत आलें तें अपुऱ्या विम्यामुळें. तथापि आमचा अनुभव वाचून कोणीं अपुरा विमा उतरवूं नये, एवढी विनंती आहे. हें ज्ञान २७० रुपयांत स्वस्त पडलें असें आम्ही म्हणतों. तें प्रत्यक्षांत साडेचार हजारांस पडलें.

मापें अद्याप सांपडलेलीं नाहींत. एखाद्या गुदामाच्या कोपऱ्यांत मांजरपाटाच्या त्या गांठोड्यावर दुसऱ्या पिशव्या रचल्या गेल्या असतील, आणि आजोबांची मुद्रा लाखेवर तशीच असेल. त्यांच्याखालीं आमच्याच अक्षरांत, खाडाखोड न करतां, आम्हीं ठरविलेली त्यांची किंमतही लिहिलेली असेल.

बेळगांवकर गृहस्थांशीं आमचा स्नेह टिकला आहे. चिपटें सांपडल्याची हकीकत आम्हीं त्यांस सांगितली तेव्हां, विचारावें कीं न विचारावें अशा संकोचानें, त्यांनीं त्याची किंमत विचारली. या वेळीं आम्हीं आंकडा सांगितला नाहीं. प्रश्न जसाच्या तसा मुरबाडास कळविला. अक्काचें उत्तर आलें कीं, तें चिपटें कामांत आहे. आम्हीं तें उत्तर, एक अक्षर कमी नाहीं कीं अधिक नाहीं, बेळगांवास पाठवून दिलें.